कानातलं पाणी

काशीला बदली झाल्यापासून मालविकेच्या कानावर फोनखेरीज मराठी पडलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे शेजारच्या बाकावर म्हातारे बहीणभाऊ बसले होते. भावाच्या कानाला दडा बसलेला, त्यामुळे बोलणं मोठ्यानेच चाललं होतं.

“दादा, डॉक्टरांना खरं सांग, पोहायला जातो म्हणून.”

“सांगतो की! चोरी केली का?”

“जन्मभर पंचगंगा घाटावर यजमानांना डुबक्या मारायला लावल्यास, आणि स्वतः पायरीवरची साखळी धरून तांब्याने अंघोळ!”

“भीती वाटायची, शरू. पुरोहितच पाण्याला घाबरतो, हे कोणाला सांगणार?”

“आता सत्तरीत नाही वाटत?”

“वाटते. पण यजमानांचं सगळं आता मुलगाच बघतो, आपला विश्वेश. मला कोणाला दाखवायचंय? शिकवतो तो नाववाला मल्लाह म्हणतो, पंडितजी, बस हाथ-पैर चलाइए.”

“चालतात?”

“चालतात. पहिल्या दिवशी उतरण्याआधी संकल्पाला हातात पाणी घेतलं. इच्छा बोलायची जागा आली आणि अडलो. यजमानांच्या तोंडपाठ आहेत, मुलगा, नोकरी, मुकदमा. स्वतःची कधी बोललोच नव्हतो.”

“मग?”

“सरळ मराठीत म्हटलं, मला पोहायला येऊ दे.”

तेवढ्यात आतून हाक आली.

“मालविकाजी, अंदर आइए.”

मालविकेने मागच्या माणसाला खुणेनेच पुढे पाठवलं.

“दादा, तुझा कान बरा झाला की मलाही घाटावर ने. संकल्प सांग.”

“सांगतो. इच्छा काय बोलू?”

“तेवढी जागा मोकळी सोड. माझं मी बोलेन.”