शेरा: घरगुती

(स्वयंपाकघर. बाबा मटार सोलताहेत. मुलगी ऑफिसातून नुकतीच आली आहे.)

बाबा: उद्या चौकशीत ‘चूक झाली’ म्हणून टाक ना! म्हणताना जीभ झडणार आहे का?

मुलगी: चूक झालीच नाही, बाबा.

बाबा: अगं, परदेशी माणसांचे फोन ऐकायचे आणि सगळं लिहून काढायचं, हेच तुझं काम. सरकार पगार त्याचाच देतं.

मुलगी: ऐकलं की. बंदरावरच्या त्या परक्या इंजिनियरचं जहाजांबद्दल जे काही होतं, ते शब्दन् शब्द लिहिलं. काल तो बायकोला डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगायला लागला. ती रडायला लागली. मी हेडफोन काढून ठेवले, पुढचं लिहिलं नाही आणि शेरा मारला, ‘घरगुती’.

बाबा: तो शेरा आपल्या नागरिकांसाठी आहे!

मुलगी: माहीत आहे. आमच्या खात्यात साहेब असताना तो नियम तुम्हीच आणलात, वरच्यांशी भांडून.

बाबा: नाकी नऊ आले होते तेव्हा. त्यात परक्यांचं नाव काढलं असतं, तर होतं तेही गेलं असतं.

मुलगी: मग उरलेलं मी मागते.

बाबा: दादा तिकडे परक्या देशात आहे, म्हणून तुला हा पुळका.

मुलगी: दादा इथे पलंगावर लोळत असता, तरी तोच शेरा मारला असता. दादासाठी केलं तर तो सौदा झाला. ती बाई रडत होती, बाबा. तिच्या रडण्याला कसला आलाय पासपोर्ट?

बाबा: आणि त्या रडण्यातच एखादी खूण असली तर?

मुलगी: तर संशयाचं कारण लिहावं आणि परवानगी काढावी. आपल्या माणसासाठी काढतोच ना?

बाबा: डोकं खातेस अगदी.

मुलगी: आणि तुम्ही मटार खाताय. भाजीत काय घालू, सालं?

बाबा: विषय बदलू नकोस. चौकशीला कोण बसणार?

मुलगी: तुमचे टकलूकाका.

बाबा: त्याला तर मी हाताला धरून शिकवलंय! आण तो फोन इकडे.

मुलगी: फोन करायचा नाही.

बाबा: नोकरी जाईल, ठकूबाई.

मुलगी: जाईल कदाचित. मला भीती वाटतेय, नाही असं नाही.

बाबा: आणि तरी चूक झाली म्हणणार नाहीस?

मुलगी: नाही.

बाबा: अगदी आईवर गेलीस.

मुलगी: आई म्हणायची, तुमच्यावर गेलेय.

बाबा: असं म्हणायची? मला कधी बोलली नाही.

मुलगी: तुम्ही शेफारला असतात.

बाबा: हं. उद्या किती वाजता आहे?

मुलगी: अकराला. का?

बाबा: मी येतोय.

मुलगी: तुम्हाला आत सोडणार नाहीत, बाबा.

बाबा: आत कशाला? बाहेर बाकावर बसेन.

मुलगी: तिथे सगळे तुमच्या ओळखीचे. येता-जाता विचारतील, साहेब, आज इकडे कुठे?

बाबा: विचारू देत. मला सांगायचंच आहे.