मगदूमांच्या झाडावर शिवाप्पा दोन

...तर मेलो की मी! तुम्हाला सांगतो, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, बेंगळुरात, बनशंकरीतल्या आमच्या घरात, हातात कॉफीचा लोटा, अजून एक घोट घेतला नाही, आणि हेमलता, म्हणजे आमची मंडळी, कॉम्प्युटरकडं बघत म्हणते, 'अहो, तुम्ही एकोणीसशे छप्पनला वारलात!' आता मी जन्मलोच सत्तावन्नला! बरं, पुढं तर वाचा, छप्पनला वारलो आणि दोन हजार सतराला कारखान्यातून निवृत्त झालो! मेल्यावर एकसष्ट वर्षं नोकरी... सरकारी कारखाना असला म्हणून काय झालं?

सुरुवात केली शमिकानं. आमची मुलगी. 'बाबा, दिवसभर आईच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता, त्यापेक्षा आपल्या माणसांच्या कथा लिहा की,' म्हणाली, आणि दिलं टाकून ते वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर. झाड असतं. फांदीला चौकट, चौकटीत माणूस, माणसाखाली त्याची आयुष्यकथा. म्हटलं, हे तर माझंच काम! मगदूम म्हणजे साधं घराणं वाटलं काय तुम्हाला? निपाणीजवळ वेदगंगेच्या काठचे आम्ही. शिवाप्पाचा रघुजी, रघुजीचा शिवाप्पा, शिवाप्पाचा परत रघुजी... थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, सात पिढ्या चुकलं नाही! मीपण शिवाप्पाच. शिवाप्पा रघुजी मगदूम. रत्नाकर म्हणतात ते नुसतं हाक मारायला, कारण माझ्या आईला सासऱ्यांचं नाव घेऊन 'शिवाप्पा, गाढवा, अभ्यासाला बस' असं ओरडता येईना! पण कागदावर? आजोबांचं नाव लावतो मी, चेष्टा आहे काय!

आजोबांची कथा सांगितली भाग्यलक्ष्मी आत्यानं. आजोबांची धाकटी लेक, वय सत्त्याऐंशी, मुक्काम निपाणी. दोन महिने रोज सकाळी फोन. ती सांगणार, मी एका बोटानं टाइप करणार. 'लिवलास काय आप्पा?' 'लिहिलं, आत्या.' 'वाच बगू.' वाचलं की म्हणणार, 'ह्यात पाऊस कमी पडलाय, स्वल्प वाढीव.' वाढवला! आणि कथा तरी कसली... अडतीस सालचा पूर, वेदगंगा दुथडी, नाव बंद, आजीला कळा सुरू आणि सुईण पैलतीराला! काय करावं माणसानं? आजोबांनी गुऱ्हाळातली काहील काढली, गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई हो, ढकलली पुरात, स्वतः आत बसले, हातात एक फळी, आणि निघाले! गरगर फिरत गेले, सुईणीला उचलून आत बसवली, ती देवाचा धावा करतेय, हे फळी मारताहेत, आले की परत! आणि जन्माला आलं कोण? आत्याच! लिहिताना छाती फुगली माझी, शर्टाचं बटण सोडावं लागलं.

मग मी माझी चौकट भरली. नाव आधार कार्डावर आहे तसं. लगेच खिडकी उघडली, 'ह्या नावाचा माणूस झाडावर आहे. दोघं एकच आहेत का?' आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? अहो, आजोबा छप्पनला गेले, मी सत्तावन्नला आलो, बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून म्हटलं, 'माझा बाप परत आला!' अजून मला आप्पा म्हणते, मी पानावर बसल्याशिवाय घास घेत नाही. सगळी निपाणी जाणते ते! मला वाटलं, वा रे मशीन, तुलापण कळलं? आजोबांचं नाव लावतो मी, चेष्टा आहे काय! आणि मोठ्या दिमाखात दाबलं, 'होय.'

झालं! दोन शिवाप्पांचा एक शिवाप्पा. मरण आजोबांचं, पेन्शन माझी. आणि आयुष्यकथा ठेवली कुणाची? माझी! 'हेलिकॉप्टरच्या कारखान्यात नोकरी. कॅरमची आवड.' काहील गेली, सुईण गेली, दोन महिन्यांचा पाऊस गेला! मदतीच्या नंबरावर फोन लावला तर रंजिता नावाची बाई म्हणते, 'सर, एकदा एक झाले की परत वेगळे आगल्ल, होत नाही. पण तुम्ही होय का दाबलंत?' आता तिला पुनर्जन्म समजावू कसा, तोही हिंदीत?

आणि आत्या रविवारी येणार होती! ह्या वयात, गुडघे धरून, रात्रभर रेल्वेनं, कशासाठी? तर 'मरायच्या आधी बापाला झाडावर बसलेला बगू दे.' यशवंतपूर स्टेशनवर उतरवून घेतली, रिक्षात घातली. घरी आली, चहासुद्धा घेतला नाही, चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसली. 'वाच आप्पा.' वाचलं, काय करणार! 'हेलिकॉप्टरच्या कारखान्यात...' आत्या म्हणाली, 'माझा बाप? हेलिकॉप्टर? मग मुडद्या, काहिलीत कशाला बसला असता, त्यातनंच आणली असती की सुईण!'

सांगून टाकलं सगळं. मान खाली. म्हटलं, आता रडते ही. तर म्हणाली, 'घे लिवायला. परत सांगते.' आणि सांगितलं हो, पहिल्यापासनं, चार तास! हेमलतानं भाजी उतरवून ठेवली आणि येऊन बसली. आणि ह्या वेळी आत्यानं ते सांगितलं जे फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. आजोबा भिजलेले, हात सोलवटलेले, दारात बसलेत, आणि गावातला एकजण हसून म्हणतोय, 'शिवाप्पा, एवढा जीव घातलास, आणि झाली पोरगीच की!' आजोबांनी वर बघितलं आणि म्हणाले, 'उद्या परत घालीन.' एवढंच. सांगताना म्हातारी आत्या अशी ताठ बसली होती... मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? अहो, त्या माणसाचं नाव लावतो मी, चेष्टा आहे काय!

पण ठेवायचं कुठं हे? रंजिता म्हणते, 'सर, तुम्हीच दोघांना एक म्हणालात, आता दोघांपैकी एकच राहणार.' हेमलता म्हणते, 'सरी, ठीक आहे, मग तुम्ही रत्नाकर म्हणून बसा की.' छे छे! आजोबांचं नाव सोडू? तेवढ्यात आत्यानं विचारलं, 'माझ्या बापानं वेदगंगा ओलांडली. तू काय ओलांडलास?' म्हटलं, 'रोज सिल्क बोर्डचा सिग्नल, जाऊन-येऊन दोन तास.' तिला काही ते पटलं नाही.

काढलं मग स्वतःला. स्वतःच्या हातानं. आता झाडावर आजोबा, काहिलीसकट, सुईणीसकट, पाऊस दुप्पट. आत्यानं पडद्याला हात जोडले, आणि मग मला जेवायला वाढलं. अभिमान आहे हो मला, का नसावा? तरी म्हटलं, कुठंतरी असावं आपण, म्हणून शमिकाला फोन केला, 'बाळ, तुझ्या चौकटीत बापाची एक ओळ टाक... ह्यांनी आजोबांना उठून जागा दिली.' तर म्हणते, 'बाबा, इथं कमीत कमी पन्नास शब्द लागतात.'

पाच झालेत. बाकीचे आठवतोय.