निवडलेले वाटाणे

नाही हो, तिखट झाली म्हणून नाही — पण तो चमचा खाली ठेवा, सुदर्शनराव. तुमच्या वाटीत काय आहे, माहितीये? वाटाण्याची उसळ? ती माझी पीएचडी आहे. हसू नका! कॅनडात बर्फ तुडवून केलीये. बघा, वाटाणा दोन जातींचा — एक गोल, गुळगुळीत, निम्मा स्टार्चच, पीक भरपूर. दुसरा सुरकुतलेला — स्टार्च कमी, साखर जास्त, म्हणून वाळला की आक्रसतो, पीकही बेताचं. पण त्याचा स्टार्च सावकाश पचतो! मधुमेहाच्या माणसाला — तुमच्या घरात आहे ना? आत्या म्हणाली, म्हणून तर आधी या स्थळाला नकोच म्हणणार होतो आम्ही — ते जाऊ द्या. मी दोघांचा संकर केला. सुरकुतलेला, पण पीक गोलाएवढं! पैठणला काकांच्या रानात आला, एकाच शेंगेत दोन्ही दाणे, डब्यात सगळे मिसळलेले. सुरकुतलेले निवडून पेरायचे, एवढंच उरलं होतं. आणि आज भागूआत्या म्हणते, "निवडले गं बाई मी. लई कचरा होता, सगळे सुकलेले काढले. टाकून कशाला द्यायचे, पाहुणे येणारच व्हते." बघितलंत ना, आमच्यापैकी कुणी उसळ घेतली नाही?

काय झालं? दाताखाली काही आलं? चावू नका! गणंग असेल — एखादा दाणा राहतोच तसा, कितीही भिजवा, शिजवा, पाणीच पीत नाही. म्हणजे आतून जिवंत असेल! थुंका. इथं, माझ्या हातावर. लाजता काय, लग्न करायचंय ना आपल्याला? करते मी, कबूल! हा उगवला की तुम्ही म्हणाल त्या मुहूर्तावर — हर्सूलला सासूबाईंसोबत राहीन, परत कॅनडाचं नाव काढणार नाही, गच्चीवर कुंडीत लावू याला, पहिली मुंडावळी यालाच — आत्या, साखर आण गं, जमलं! — थांबा, एवढा मसाला धुऊन बघते.

…

सुदर्शनराव, हा खडा आहे.

एवढं निवडलं आत्यानं — आणि खडा ठेवला.

तुम्हाला रक्त येतंय का? दाताचे डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत. हो हो, काय ते कळवू. नाही, वाटी राहू द्या, अजून शोधायचंय मला. या तुम्ही.