आठ वर्षं काय केलंत?

बनशंकरीहून सुटलेल्या बसमध्ये संपदा तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पीएचडी सोडते, एवढंच गाईडना सांगायला निघाली होती. तेवढ्यात कन्नड गलक्यातून मागच्या सीटवरचं मराठी बोलणं कानावर पडलं.

“विमलाक्का, कॉलेजच्या इंटरव्ह्यूत काय विचारलं ते सांग अगोदर!”

“आठ वर्षं काय केलंत, म्हणाले. मुलं वाढवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं केलं, म्हटलं. तर हेड म्हणतात, म्हणजे काहीच नाही!”

“अय्यो! मग?”

“त्यांना मी ओळखते की! राजाजीनगरात घर बांधायला दोन वर्षं रजेवर होते. विचारलं, सर, परत आलात तेव्हा केमिस्ट्री विसरला होतात का?”

“तोंडावर?”

“तोंडावर! बाकीचे हसू दाबता दाबता खोकायला लागले. मग म्हणाले, शिकवून दाखवा. खडू हातात आला नि मी सुटले बघ! थांबा म्हणेपर्यंत फळा भरला!”

संपदा गर्रकन मागं वळली.

“अक्का, घेतलं का हो तुम्हाला?”

“सोमवारपासून! तू कुठं उतरणार गं?”

“माझा स्टॉप केव्हाच मागं गेला, अक्का. जाऊ दे! फळ्यावर पहिलं काय लिहिलंत, ते सांगा.”