गल्लीचा अंधार

मंगळवार पेठेत मदत जपून मागावी. सूर्य मावळल्यावर आकाश किती उजळ राहतं, हे मी रोज गच्चीवर मीटरने मोजून वहीत लिहितो. महिन्याची शेवटची नोंद राहिली होती, आणि शेजारच्या आबांचा हॅलोजन आड येत होता.

"आबा, अर्धा तास बंद ठेवाल?"

"एकच दिवा व्हय? अख्खी गल्ली बंद करतो की!"

खरंच केली. मी मीटर आकाशाकडे धरला, तोच आबांसकट सगळी गल्ली मोबाइलच्या बॅटऱ्या लावून गच्चीवर.

"हे काय, आबा?"

"अंधार बघाय आलोय की!"

आकडा दिसावा म्हणून सगळ्यांनी बॅटऱ्या मीटरवरच धरल्या. महिन्यातला सर्वांत मोठा आकडा! आबांनी वाकून बघितला आणि आरोळी ठोकली, "आपली गल्ली पयली आली रं!"