बानित्सातला जाड कागद

(बल्गेरियातलं डोंगराकडेचं गाव, नववर्षाची सकाळ. वेलिकाबाईंच्या टेबलावर चीजच्या पापुद्र्यांची बानित्सा वाफाळते आहे. तिच्या पोटात, दरवर्षीप्रमाणे, भविष्याच्या चिठ्ठ्या. मुलगा ल्युबेन जर्मनीहून चार दिवसांसाठी आलाय. मुलगी रुमेना त्रेचाळीस वर्षांची, कुठेच न गेलेली.)

ल्युबेन : "ध्येय पहिलं, पहाटे पाचला उठणं. ध्येय दुसरं, रोज दहा पानं वाचणं, मनाला उभारी देणारी." आई, ऐकतेस ना? "ध्येय तिसरं, रोज काहीतरी गमतीचं लिहिणं, मग ती किराण्याची यादी का असेना."

रुमेना : ल्युबेन, वही दे इकडे.

वेलिका : वाचू दे गं. रोज पहाटे उठून काय दिवे लावतेस ते आम्हालाही कळू दे.

ल्युबेन : "मीठ संपलं, साखर संपली, आईची कटकट तेवढी उरली."

वेलिका : बघ! माझ्याच घरात राहते आणि माझ्यावरच यमकं जुळवते.

ल्युबेन : आणि ध्येय चौथं... ताई, हे तर पानापानावर आहे. "प्लोव्दिव." नुसतंच प्लोव्दिव. कोण आहे तिथं? या वयात?

रुमेना : मुलांचं मासिक आहे. कोडी आणि यमकं लिहायला त्यांना माणूस हवं होतं. बानित्सासाठी वीस वर्षं लिहिलेल्या चिठ्ठ्या मी उतरवून पाठवल्या.

ल्युबेन : चिठ्ठ्या पाठवल्यास? नोकरीसाठी? मग?

रुमेना : उत्तर नाही आलं. ऑक्टोबरपासून पोस्टमनला रोज विचारते.

वेलिका : येणार कुठून? जन्मभर शर्टांना कॉलरी शिवल्यास, आणि चाललीस मासिकात. ती पुस्तकं वाचून डोकं फिरलंय हिचं. चल, रीतीप्रमाणे तबक तीनदा फिरव, ल्युबेन. यंदा चिठ्ठ्या मी लिहिल्यात. ही कारखान्यात जादा पाळीला होती.

रुमेना : मी आल्यावर लिहिल्या असत्या, आई. वर्षातून तेवढंच एक तर माझं असतं.

वेलिका : नको बाई तुझं. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला काय आलं? "गुडघे कुरकुरले तरी आपण कुरकुरू नये, बरणीभर लोणचं एकटीनं खाऊ नये." गावभर हसले मला! हं, पहिला तुकडा घराचा. हा माझा. हा तुझा, ल्युबेन. आणि हा घे तू, रुमे.

ल्युबेन : माझ्या चिठ्ठीत "पैसा". एवढंच?

वेलिका : आणखी काय हवं? माझ्यात "आरोग्य". रुमे, मोठ्यानं वाच. रीत आहे.

रुमेना : "घर."

वेलिका : वा. बघ, नशिबालाही कळतं.

रुमेना : मागच्या बाजूला टाइप केलंय काहीतरी. "...ही जागा पंधरा डिसेंबरपर्यंत तुमच्यासाठी राखून..." ल्युबेन, तुझ्या चिठ्ठीच्या मागे काय आहे?

ल्युबेन : ताई, खा ना आधी.

रुमेना : वाच.

ल्युबेन : "...लोणच्याच्या ओळींवर आमचं सगळं कार्यालय हसलं. रुमेनाबाई, तुम्ही लवकरात लवकर..." पुढे कापलंय.

रुमेना : आई.

वेलिका : कागद जाड होता. पातळ कागदाचा लोण्यात लगदा होतो.

रुमेना : कधी आलं हे?

वेलिका : नोव्हेंबरात. तू कामावर होतीस.

रुमेना : पण पोस्टमन तर रोज नाही म्हणत होता.

वेलिका : दोन बाटल्या दारू दिली त्याला. आलुबुखाराची, घरची.

रुमेना : ल्युबेन, तुला ठाऊक होतं?

ल्युबेन : आईचा फोन आला होता. मी म्हटलं, नाही दिलंस तरी चालेल. मला तिकडून येता येत नाही गं. हिच्याजवळ कुणीतरी हवंच ना?

रुमेना : ठाऊक होतं, आणि तरी प्लोव्दिवला कोण आहे म्हणून विचारलंस.

ल्युबेन : गंमत केली, ताई.

वेलिका : त्याला कशाला बोलतेस? मी केलं. घाबरले म्हणून केलं. हा चार तारखेला जाणार. तूही गेलीस तर मी या घरात एकटी मरून पडेन आणि वास सुटल्यावर लोकांना कळेल. झालं समाधान? खा आता, गार होतंय.

रुमेना : मग चुलीत घालायचं होतंस. मला कधीच कळलं नसतं. भाजून माझ्याच ताटात का वाढलंस?

वेलिका : वाचायला आवडतं ना तुला?

ल्युबेन : आई, पुरे.

रुमेना : अजून किती तुकडे आहेत?

वेलिका : आठ. हात लावू नकोस, दुपारी शेजारणी येणार आहेत.

रुमेना : बाकीचं पत्र त्यात आहे.

वेलिका : असू दे. त्या काही मागची बाजू वाचत नाहीत. आणि हे बघ, उद्या पाचला उठणारच आहेस ना? मग उठल्याउठल्या माझं पाणी तापवून ठेव. गार पाण्यानं माझी बोटं आखडतात.