वरचं बूच

मंगोलियाच्या गोबी वाळवंटातल्या दालानझादगाद गावच्या गॅरेजात माझ्या आधी गोंबोकाका आणि डुल्माकाकूंची जीप होती. मिस्त्री खाली शिरला होता.

"काका, वरचं बूच सुटतंय का ते न बघताच खालून मागच्या आसाच्या डिफरन्शियलचं तेल सोडलंत? आता नवं भरणार कुठून?"

"म्हणून तर उंट जुंपून गाडी ओढत आणली. अख्खी वस्ती हसली!"

"तू गप गं. मिस्त्री, जपून. आमच्या पोरानं, तुमेननं आवळलंय ते बूच, कामाला कोरियाला जाताना."

"तो येऊन बदलेल म्हणत तेलाचं पार डांबर केलंत, अहो."

"बुचाला नट वेल्ड करून फिरवतो. बूच वाया जाईल, काका. चालेल?"

"...कर."

"सुटलं! नवं किती आवळू?"

"बेतानंच आवळ. पुढच्या वेळी आम्हा दोघांनाच उघडायचंय."